पस्तीस

दिवसा मी समुद्रातलं मीठ काढते.
म्हणजे मी नाही, पंप काढतात, पडदे काढतात;
मी बाटलीत नमुना घेते
आणि किती उरलं ते लिहिते.
रात्री घरी येऊन
तेच पाणी, नळाचं, परत एकदा गाळून,
त्यात वजन करून मीठ घालते.
लिटरला पस्तीस ग्रॅम.

शेजारची नफीसा दारात उभी राहून हसते:
एवढी यातायात कशाला गं,
बादली घे आणि किनाऱ्यावर जा.

किनारा चार मिनिटांवर आहे.
पण हिद्दचा समुद्र उन्हात आटत आटत
पंचेचाळिसाच्या घरात गेलाय.
माझ्या पोवळ्याला तो खारट पडेल.

पोवळं म्हटलं की आईला मंगळ आठवतो,
अनामिकेतला लाल खडा.
फोनवर दाखवलं तर म्हणाली,
अगं हे तर अळंबं!
बरोबर आहे तिचं.
जाड देठ, चामड्याची टोपी,
टोपीवर शेकडो तुरे, एकेका तुऱ्याला आठ बोटं.
अंगठीत बसायला अंगात हाड लागतं.
ह्याच्यात तसलं काही नाही.

हे मूळ रॉनेलचं. रात्रपाळीचा फिटर.
मार्चमध्ये कंत्राट संपलं,
नऊ दिवसांत देश सोडायचा.
टीव्ही विकला, गादी वॉचमनला दिली,
आणि शेवटच्या शुक्रवारी
हातमोजे घालून
ह्याच्या टोपीच्या दोन फाका काढल्या
नव्या ब्लेडनं, सुरण चिरावा तशा.
खोलीभर उग्र वास, आठवडाभर गेला नाही.
एक फाक मुहर्रकच्या दंतवैद्याला,
एक त्याच्या चर्चमधल्या कुणाला.
टाकी आणि उरलेलं बुंध्यासकट मला.

फाक दगडाला कशी बांधायची तेही दाखवलं:
रबरबँड, पण बेतानं.
आवळलं तर कापलं जातं,
ढिलं सोडलं तर वाहून जातं.

मग हे रुसलं.
तुरे सगळे आत, अंगावर मेणचट चकाकी,
जणू कुणी वरून प्लास्टिक ओढलंय.
चौथ्या दिवशी मी आम्लता तपासली.
पाचव्या दिवशी पुन्हा.
सहाव्या दिवशी कोळसा बदलला, दिवा खाली घेतला,
सातव्या दिवशी दिवा वर.
मी पाण्याची केमिस्ट, पंधरा वर्षांची,
आणि सगळे आकडे बरोबर येत होते.

इलोइलोला फोटो पाठवला.
दोन दिवसांनी रॉनेलचं एवढंच उत्तर:
हात पाण्यातून काढ.

काढला.

अकराव्या रात्री
मोरीतून येताना सहज पाहिलं तर
प्रवाहात एक पातळ साय फडफडत होती,
एका कडेनं सुटलेली.
ह्यानं कात टाकली होती.
खालचं अंग नवं, किंचित पिवळसर,
आणि एक, फक्त एक तुरा बाहेर,
बघून येतो म्हणाल्यासारखा.

ऑगस्टात एसी बंद पडला तेव्हा
बर्फाच्या बाटल्या आधी त्याला,
उरली ती माझ्या मानेला.
नवऱ्याला सुट्टीत हे सांगितलं,
तो म्हणाला, मी आलो की कुठली बाटली मला?
मी म्हटलं, तू ये तर आधी.

रोज तांब्याभर पाणी उडतं.
उडतं ते गोडंच.
मीठ कुठे जात नाही, जागच्या जागी दाट होत राहतं.
म्हणून रोज झोपण्याआधी
गोडं पाणी घालायचं, सावकाश,
काचेवरच्या काळ्या रेघेपर्यंत.
रेघ रॉनेलच्या हातची, जरा तिरकी.
मी ती पुसून सरळ करणार होते.

परवा लॅबमधल्या नव्या पोरानं,
वय बावीस, गाव ढाक्याजवळचं,
विचारलं, दीदी, एक तुकडा मिळेल?
खोलीत एकटाच असतो, म्हणाला,
एक बरणी आहे.
बरणीत जगत नाही रे, आधी टाकी घे, मी म्हटलं,
आणि थांब थोडा.
अजून एकदा कात टाकू दे.

ब्लेडचं पाकीट आणून ठेवलंय,
चमच्यांच्या खणात, मागे.
माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे.